दार ज्याने लावलं

आमच्या भागात दिवस मावळला की दोन गोष्टी आत घ्यायच्या असतात. एक शेळ्या आणि दुसरी कुत्री. माणसं त्यानंतर.

मी जुन्नर तालुक्यातला. चहूबाजूंनी ऊस, मधे मधे टोमॅटो, कांदा, थोडी द्राक्षं. आणि त्या उसात बिबट्या. शहरातल्या मित्रांना नवल वाटतं. ते विचारतात, कुत्रं राखणीला पाळता ना, मग त्याचीच राखण कशासाठी? त्यांना सांगावं लागतं की बिबट्याला शेळीपेक्षा कुत्रं सोपं सापडतं. शेळी गोठ्यात असते, कुत्रं अंगणात एकटं पडलेलं असतं. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या भक्ष्यात सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून खूपच कमी. आमच्या मळ्यातल्या म्हाताऱ्यांना हे आकडा न सांगताच माहीत होतं.

म्हणून आमच्याकडे दोन उपाय चालतात. पहिला खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मान धरतो, म्हणून मानेभोवती बाहेर टोकं काढलेला पट्टा घालायचा. हा उपाय जुना, मेंढपाळांकडून आलेला. दुसरा उपाय पिंजऱ्याचा. तालुक्याच्या गावी वेल्डिंगवाल्याकडे जायचं, अँगलची चौकट आणि चारी बाजूंनी जाळी लावून घ्यायची, वर पत्रा किंवा जाळी, एका बाजूला दार, दाराला कडी. रात्री कुत्रं आत, सकाळी बाहेर. गेल्या काही वर्षांत असे पिंजरे बऱ्याच अंगणांत दिसायला लागले. आमच्या शेरूसाठीही करायला टाकायचा होता. माप घेऊन झालं होतं, पैसेही बाजूला काढले होते.

तेवढ्यात सहामाहीच्या वह्या तपासायला आल्या.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. उर्दूच्या तासाला मुलं घरात असल्यासारखी बोलतात, मराठीच्या तासाला पाहुण्यांकडे आल्यासारखी. लिंग चुकतं, 'ळ'चा 'ल' होतो. मी फार मनावर घेत नाही, सरावाने येतं. निबंधाचा विषय नेहमीचाच होता, 'माझा आवडता प्राणी'. गाय, गाय, मांजर, शेळी, पुन्हा गाय. मग आठवीतल्या एका मुलीची वही आली. पहिलं वाक्य होतं, 'माझा आवडता प्राणी कुत्रा होता.' मला वाटलं काळ चुकला, 'होता'चं 'आहे' करायला हवं. लाल पेन उचलून पुढे वाचलं. 'त्याचा नाव मोती होता. अब्बूने त्याला बिबट्यापासून वाचवायला पिंजऱ्यात ठेवला. सकाळी तो उभा होता पण मेलेला होता.'

काळ बरोबर होता. मी पेन खाली ठेवलं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर तिचे वडील भेटले. टोमॅटोचं पीक घेणारा, बोलायला कमी, कष्टाळू माणूस. मी विषय काढला तर म्हणाले, "सर, मैं तो उसको बचाने के वास्तेच डाला था ना अंदर." आणि मग स्वतःहून म्हणाले, चला, पिंजरा बघा.

पिंजरा वाईट नव्हता. अँगल जाड, जाळी नवी, कडी मजबूत. वर पत्र्याऐवजी जाळीच टाकली होती, हवा खेळावी म्हणून. उंची साधारण कंबरेएवढी. त्यांनी मला छताच्या जाळीतला एक चौकोन दाखवला, त्याची तार खाली ओढली गेली होती. मोतीच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. दिवसभर असायचा, तसाच रात्रीही राहिला. आतही सुरक्षित आणि गळाही सुरक्षित, असा हिशेब. रात्री बाहेर काहीतरी आलं असावं, नाहीतर दुसरी कुत्री भुंकली असतील. मोती मागच्या पायांवर उभा राहिला, पुढचे पाय जाळीला लावले, मान वर केली. पट्ट्याचा एक खिळा छताच्या चौकोनात जाऊन वाकडा अडकला. सुटण्यासाठी त्याने अंगाला पीळ दिला, तसा पट्टा आवळत गेला. मागचे पाय जमिनीला टेकलेले होते, म्हणून सकाळी लांबून पाहणाऱ्याला तो उभा आहे असंच वाटलं.

घरातलं कुणी उठलं नाही, कारण आवाजच आला नाही. गळा आवळलेलं कुत्रं भुंकू शकत नाही. रात्रभर शांतता होती म्हणून घरच्यांना वाटलं, आज बिबट्या आला नाही.

दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर होते. पट्ट्याने बिबट्याच्या दातांपासून वाचवलं असतं. पिंजऱ्याने बिबट्यापासूनच वाचवलं. पण पट्टा उघड्या अंगणासाठी असतो आणि पिंजरा बंद दारासाठी. दोन्ही एकत्र आले की फास तयार होतो. ही गोष्ट त्या माणसाला कुणी सांगितली नव्हती. वेल्डिंगवाला लोखंडाचं काम करतो, त्याला कुत्र्याची माहिती असायचं कारण नाही. पट्टा विकणाऱ्याला पिंजऱ्याचं माहीत नव्हतं.

शेरूचा पिंजरा मी थांबवला आणि आधी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या पशुवैद्यकांना गर्दी ओसरल्यावर गाठलं. म्हटलं, जाळीच्या पिंजऱ्यात कुत्र्याला काय काय होऊ शकतं, सगळं सांगा. ते हसले, म्हणाले, मास्तर, बसा मग. त्यांनी जे सांगितलं, त्यात मी पुढे वाचलेलं आणि स्वतः पाहिलेलं मिळवून इथे मांडतो. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी तर वाचावंच, पण ज्यांच्या शेजारी आहे त्यांनीही वाचावं.

सगळ्यात आधी गळा मोकळा. पिंजऱ्यात जाताना पट्टा काढायचा, साखळी काढायची, ताईत असेल तर तोही काढायचा. बिल्ला, घुंगरू, दोरी, काहीच नको. शहरात लोक पट्ट्याला नावपत्त्याची चकती लावतात. ती तारेच्या फटीतून बाहेर जाते आणि आडवी होऊन अडकते. पिंजऱ्यात कुत्र्याला साखळीने बांधून ठेवणं तर त्याहून वाईट. बंद पिंजऱ्यातून कुत्रं हरवत नाही, मग तिथे पट्टा कशाला? सकाळी बाहेर काढताना घाला. त्याला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी गोष्ट पाय आणि नखं. जाळीचा चौकोन पंजा आत जाण्याएवढा असेल तर पंजा जाणारच, आणि घाबरून ओढताना बोट मोडेल किंवा नख मुळापासून उपटेल. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने जरा वर अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, वाढून आकड्यासारखं होतं आणि तारेत सगळ्यात आधी तेच अडकतं. नखं कापलेली ठेवली तर निम्मा धोका जातो. खाली मात्र कधीच नुसती जाळी नको. लाकडी फळी, रबरी चटई, काहीतरी सपाट आणि घट्ट बसवलेलं हवं. नुसत्या तारांवर झोपणाऱ्या कुत्र्याच्या कोपरांना घट्टे पडतात, मग त्या चिघळतात.

तिसरी गोष्ट दात. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, त्यांतले चार सुळे. कोंडलेलं कुत्रं तारा चावतं, ओढतं. लोखंडावर घासून सुळे मागच्या बाजूने झिजतात आणि पुढे एखादं हाड फोडताना मोडतात. लहान चौकोनात खालचा जबडा घालून तार धरली आणि जबडा वळला, तर तो तसाच अडकून बसतो. डॉक्टर म्हणाले, तार चावणाऱ्या कुत्र्याला लोक मारतात. पण ते तार मस्तीने चावत नाही. त्याला आत राहायचं नाही, एवढंच ते सांगत असतं.

चौथी गोष्ट दार आणि कोपरे. दाराला एकच कडी मधोमध असली की कुत्रं खालच्या कोपऱ्यावर जोर लावतं. कोपरा बाहेर वाकतो, फट पडते, डोकं बाहेर येतं आणि खांदे आत राहतात. मागे ओढायला गेलं की तारेची टोकं कानाखाली आणि मानेत घुसतात. म्हणून दाराला दोन कड्या हव्यात, एक वर आणि एक खाली. वेल्डिंग सुटलेली तार त्याच दिवशी जोडून घ्यावी किंवा कापून टोक घासावं. 'पुढच्या बाजाराला बघू' म्हणून ती तशीच ठेवू नये.

पाचवी गोष्ट ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तीच त्याची थंड होण्याची रीत. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या लोखंडी पिंजऱ्यात दुपारी कुत्रं ठेवणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं. पिंजरा रात्रीचा आहे, दुपारचा नाही. आणि पाणी कायम हवं, तेही जाळीला अडकवलेल्या भांड्यात, म्हणजे कलंडणार नाही.

आणि आमच्या भागापुरती एक सहावी. जाळीचे चौकोन मोठे असतील आणि पिंजरा उघड्यावर असेल तर बिबट्याला आत शिरायची गरजच पडत नाही. त्याचा पंजा आत जातो. कुत्रं भिऊन मागच्या जाळीला चिकटतं, तर तो मागून येतो. म्हणून पिंजरा घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लावून, शक्य तर पडवीच्या आत ठेवावा, आणि खालचा हात-दीड हात भाग पत्र्याने बंद करावा. कुत्रं आडवं झालं की बाहेरून दिसू नये.

एवढं सगळं करूनही कधी अडकलंच तर काय? डोकं धरून ओढायचं नाही. गळ्याने लटकलं असेल तर आधी पोटाखाली हात घालून अंग वर उचलायचं, म्हणजे गळ्यावरचा भार कमी होतो, आणि मग दुसऱ्याने पट्टा कापायचा. जबडा किंवा पाय अडकला असेल तर तार कापायची. त्यासाठी तार कापायची कातर पिंजऱ्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेली असावी. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा हाताला जाड कापड गुंडाळा. चावलं तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. 'घरचंच आहे' म्हणून सोडू नका.

हे सगळं मी एका कागदावर लिहून काढलं. त्याच आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो कंपनीत आहे, फ्लॅटमध्ये राहतो, आणि घरच्यांचा विरोध पत्करून त्याने लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं आहे. "मामू, मी त्याच्यासाठी घडीचा पिंजरा मागवलाय, ऑनलाइन. सगळे तेच वापरतात." त्याच्या घरी बिबट्या नाही. त्याचा पिंजरा पिल्लाला सोफ्यापासून, चार्जरच्या वायरींपासून आणि त्याच्या अम्मीच्या जानमाजपासून लांब ठेवण्यासाठी होता. मला वाटलं, आमच्या लोखंडाचा आणि त्याच्या तारेच्या घडीचा काय संबंध? पण कागद वाचून दाखवायला लागलो तर जवळजवळ सगळं तिथेही लागू पडत होतं. उलट घडीच्या पिंजऱ्याची तार बारीक, कोपरे नुसत्या आकड्यांनी जोडलेले, म्हणून दाराचा कोपरा जास्त सहज वाकतो. खालचा प्लास्टिकचा ट्रे पिल्लू नखांनी बाहेर ढकलतं, मग पाय ट्रे आणि तारेच्या मधे जातात. ट्रेची खिट्टी लावून ठेवावी लागते. आणि आत टाकलेली गोधडी चावून गिळली तर आतडं बंद होतं. ते ऑपरेशनवरच निभावतं.

माप कसं घ्यायचं तेही त्याने विचारलं. सोपं आहे. आत उभं राहिल्यावर डोकं छताला लागू नये, स्वतःभोवती फिरता यावं, पाय पसरून आडवं होता यावं. पिल्लू वाढणार म्हणून मोठा घेतला असेल तर मधे आडोसा लावावा.

पण त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो सकाळी नऊला जातो, संध्याकाळी सातला येतो. तेवढा वेळ पिल्लू आत राहील का? मी त्याला डॉक्टरांचा ठोकताळा सांगितला. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास, त्याहून जास्त नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा चार-पाच तासांनंतर बाहेर काढायला हवंच. दहा तास कुणालाच नाही. आणि काही कुत्र्यांना एकटेपणाची अशी धास्ती असते की दार लावलं की ती वेडीपिशी होतात, नाक जाळीवर घासून रक्तबंबाळ करतात. अशा कुत्र्याला मजबूत पिंजरा नको, पिंजराच नको. त्याला माणूस हवा, नाहीतर एक रिकामी, निर्धोक खोली.

"मग मामू, मी पाळूच नको का?"

मी म्हटलं, पाळ. पण दुपारी येऊन दार उघडणारं कुणीतरी आधी शोध. पिंजरा नंतर मागव. आणि आल्यावर लगेच दार लावू नकोस. आठ-दहा दिवस उघडंच ठेव, जेवण आत दे, स्वतःहून जाऊ दे. शिक्षा म्हणून कधी आत टाकू नकोस. ज्या जागेची भीती बसली, त्या जागेत जनावर जखमी होणारच.

आता थोडं आपल्यातलं बोलतो.

आपल्याकडे कुत्र्याचा विषय निघाला की अर्धा तास पाक-नापाकवर जातो. माझ्याच घरात दोन मसलक आहेत. मी हनफी, बायको रत्नागिरीकडची, शाफई. माझ्या हिशेबाने शेरूची लाळ लागलेलं भांडं तीनदा धुतलं तर चालतं. तिच्या हिशेबाने सात वेळा, त्यात एकदा मातीने. मी ओल्या शेरूला हात लावून आलो की ती नळाकडे बोट दाखवते आणि मोजते. मी तक्रार करत नाही. इमाम मालिकांच्या मते कुत्रा मुळात नापाक नाहीच, हेही मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग मालिकी बायको करायची होती."

कुत्रं पाळणं सरसकट हराम आहे, असंही बरेच लोक म्हणतात. हदीसमध्ये शेतीसाठी, गुराढोरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रं ठेवायची मुभा स्पष्ट आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. आणि दर जुम्म्याला आपल्यातले कितीतरी लोक सूरह कहफ वाचतात. त्यात गुहेत झोपलेल्या त्या तरुणांबरोबर त्यांचं कुत्रं आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेलं. परंपरेत त्याचं नाव कित्मीर सांगतात, कुरआनमध्ये नाव नाही. पण झोपलेल्यांची मोजणी होते तेव्हा कुत्र्यालाही धरूनच होते. आपण दर आठवड्याला ते वाचतो आणि बाहेर पडताना मशिदीच्या दारातल्या कुत्र्याला दगड मारतो.

मला इथे एक वेगळंच सांगायचं आहे. पाकीसाठी कुत्रं घराबाहेर ठेवलं, नमाजची जागा वेगळी ठेवली, त्यासाठी पिंजरा केला, हे सगळं ठीक. माझ्या बायकोचा नियम मला मान्य आहे, शेरूलाही आहे. पण घराबाहेर ठेवलेलं जनावर हळूहळू मनाबाहेरही जातं. पिंजरा परसात असतो, तिकडे कुणी रोज बघत नाही. भाकर फेकली की काम झालं. तार सुटलेली दिसते ती महिन्याने.

तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी पाजणाऱ्याची हदीस सगळ्यांना पाठ असते. मुलांना सांगायलाही ती बरी वाटते. दुसरी हदीस आपण कमी सांगतो, ती मांजराची. एका बाईला एका मांजरामुळे सजा झाली. तिने मांजराला मारलं, जाळलं, कापलं असं काही त्यात नाही. तिने त्याला कोंडलं. खायला दिलं नाही, आणि सोडलंही नाही की ते स्वतः जाऊन किडामुंगी खाईल. दोन्ही हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहेत.

त्या दुसऱ्या हदीसवर मी बरेच दिवस विचार केला. मोकळं मांजर उपाशी राहिलं असतं तर त्या बाईला कुणी विचारलं नसतं. मोकळं जनावर आपलं अन्न शोधतं, सावली शोधतं, धोका दिसला तर पळतं. अल्लाहने त्याला त्यासाठी पाय आणि नाक दिलं आहे. आपण दार लावतो तेव्हा त्याचं हे सगळं काढून घेतो. मग त्याचं पाणी, त्याची सावली, त्याची हवा आणि त्याच्या अंगाला लागू शकणारी प्रत्येक तार आपल्या हिशेबात येते. अमानत म्हणजे दुसरं काय असतं? सांभाळायला घेतलेली वस्तू बिघडली तर 'मी तर चांगल्यासाठीच ठेवली होती' एवढं म्हणून भागत नाही.

देशाचा कायदाही तेच म्हणतो, त्याच्या कोरड्या भाषेत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये, ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी आणि उंची जनावराला नीट हालचाल करू देत नाही, अशा पिंजऱ्यात ते ठेवणं हा गुन्हा मानला आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा. या कायद्याची भीती कुणाला नाही, ते सोडा. पण 1960 सालापासून हे लिहिलेलं आहे आणि पिंजरा बनवताना आपण फक्त जाळीचा दर विचारतो.

ती मुलगी एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग विचारलं, "सर, मोतीचा गुनाह अब्बूंना लागेल का?"

बी.एड.ला आम्हाला प्रश्न कसे विचारावेत ते शिकवलं होतं, अशा प्रश्नांना उत्तर कसं द्यावं ते नव्हतं. मी तिला नीयतची हदीस सांगितली, तिला ती येत होतीच. अब्बूंची नीयत वाचवण्याची होती, त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांना गुनाह नाही, असं मी म्हटलं. ती जायला वळली. मग मला वाटलं, उत्तर अर्धंच झालं. मी तिला थांबवून म्हटलं, "पण आता आपल्याला माहीत झालंय. आता कुणाचं कुत्रं असं मेलं आणि आपण सांगितलं नसेल, तर विचारणा आपल्याला होईल." तिने मान हलवली. घाबरली नाही. उलट तिला काहीतरी काम मिळाल्यासारखं वाटलं असावं.

म्हणून आठवीच्या मराठीच्या तासाला सूचनालेखन घेतलं. पुस्तकात 'ग्रंथालयाचे नियम' होतं, आम्ही 'रात्री कुत्रं पिंजऱ्यात ठेवताना' घेतलं. सूचना छोटी हवी, क्रियापद शेवटी हवं, कुणालाही कळायला हवी, एवढे तीन नियम. मुलांनी माझ्या कागदापेक्षा चांगलं लिहिलं. 'पट्टा काढा, मग दार लावा.' 'खाली फळी, वर पत्रा, मधे हवा.' पहिली सूचना त्या मुलीची होती, लिंगवचनाची एकही चूक नाही. मुलांनी त्या सूचना मराठी आणि उर्दूत कागदावर लिहिल्या आणि वेल्डिंगवाल्याच्या दुकानात चिकटवल्या. आमच्या वर्गातले बहुतेक जण रोज त्याच्या दुकानावरून येतात. तो भला माणूस. म्हणाला, सर, मला कुणी बोललंच नाही कधी, नाहीतर दोन कड्या लावायला मला काय लागतं? आता तो गिऱ्हाइकाला विचारतो, कुत्रं केवढं आहे, रात्री कुठे ठेवणार.

शेरूचा पिंजरा त्यानेच केला. पडवीत भिंतीला लावून ठेवला आहे. वर पत्रा, खाली सागाची जुनी फळी, दाराला दोन कड्या, शेजारी खिळ्याला कातर. खिळ्यांचा पट्टा रात्री पिंजऱ्याबाहेर टांगतो, सकाळी घालतो. पंधरा दिवस दार उघडं ठेवूनच त्याला आत जेवायला दिलं, आता इशाच्या नमाजनंतर तो स्वतःच आत जाऊन बसतो. भाच्याने पिल्लासाठी वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त काकूंशी ठरवून घेतलं आहे. त्या दुपारी येतात, दार उघडतात आणि तासभर त्याच्याशी बोलतात. त्यांचंही एकटेपण जातं, असं तो म्हणतो.

तुमच्याकडे पिंजरा असेल तर आज रात्री एक काम करा. घरातली जुनी ओढणी घ्या, हाताला गुंडाळा आणि कुत्रं आत घेण्याआधी पिंजऱ्याच्या आतून चारी बाजूंनी, छताला आणि दाराच्या कोपऱ्यांना फिरवा. जिथे ओढणीचा धागा अडकेल, तिथे कुत्र्याची कातडी अडकेल. तेवढी जागा घासून किंवा झाकून घ्या. गळ्याला हात लावून बघा, मोकळा आहे ना. पाणी बघा. मग दार लावा.